कनका अत्तैने बदललेला शेवट

कनका अत्तैच्या गोष्टींत माणसं मरायची आणि मेलेलं कुणी परत यायचं नाही. चेन्नईत वेस्ट मांबलमला आमच्या इमारतीत तळमजल्यावर ती एकटी राहते; अत्तै म्हणजे आत्या, सगळेच तिला तसं म्हणतात. शाळेतली नोकरी संपल्यावर तिने मुलांसाठी गोष्टी लिहायला घेतल्या. दर शनिवारी पुढच्या खोलीत सतरंजी टाकून इमारतीतल्या पोरांना त्या सांगायची, तमिळ-मराठीची खिचडी करून. पोरं डोळे पुसत घरी जायची आणि त्यांच्या आया तणतणत खाली यायच्या.

"लहान पोरांना का रडवता, अत्तै?"

"मेलं की रडायचं असतं. ते तरी शिकू देत."

मी सांगलीकडची, नवऱ्याच्या बदलीने इथे आले. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेली ही तंजावरची मराठी माणसं मला आधी विचित्रच वाटली. अत्तैशी मात्र लगेच पटलं, कारण तिलाही आडपडदा ठाऊक नव्हता. ती लहान असताना तिचे वडील गेले, आणि घरच्यांनी 'अप्पा काशीला गेलेत' म्हणून वेळ मारून नेली. दाराशी आलेला प्रत्येक माणूस तिला अप्पाच वाटायचा. सत्तरी उलटली तरी हे सांगताना तिचा आवाज चढायचा.

वरच्या मजल्यावरची सुष्मिता ऐन दिवाळीत डेंग्यूने गेली. रुग्णालयात अत्तै आणि मी आळीपाळीने बसत होतो, शेवटच्या सकाळी दोघीही होतो. तिची आठ वर्षांची मुलगी संयुक्ता तेव्हा जॉर्ज टाउनला मामाकडे होती. परत आल्यावर तिला सांगितलं गेलं, अम्मा दुबईला नोकरीला गेली. बाप वेंकट, तो सुष्मिताच्या फोनवरून स्वतःच पोरीला निरोप पाठवायचा: नीट जेव, अभ्यास कर. मला भयंकर संताप यायचा. पण वेंकटचा ओढलेला चेहरा बघितला की मी विषय बदलायची.

अत्तैने त्या पोरीसाठी म्हणून एक गोष्ट लिहिली. एन्नोरच्या किनाऱ्यावर एक कुत्रा होडी घेऊन गेलेल्या मालकाची वाट बघतो. लोक त्याला रोज म्हणतात, उद्या येईल. शेवटी एक म्हातारी मासेवाली त्याच्याजवळ बसते आणि सांगते, "तो आता येणार नाही रे."

वेंकटला याचा सुगावा लागला. तो खाली आला आणि त्याने अत्तैचे पायच धरले.

"अत्तै, अर्चनाचं लग्न तेवढं होऊ द्या. मग मीच सांगतो पोरीला. आत्ता माझ्यात बळ नाही."

अर्चना त्याची बहीण.

शनिवारी मीही जाऊन बसले. गोष्ट म्हातारीपर्यंत आली आणि अत्तै थांबली. संयुक्ता तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. अत्तै म्हणाली, "तेवढ्यात लांबून होडी दिसली." मालक परत आला. पोरांनी टाळ्या पिटल्या. संयुक्ता गाणं म्हणत जिना चढून गेली. अत्तै सतरंजीची घडी घालत बसली, पण तिला ती जमेना.

लग्नाआधी यांच्याकडे सुवासिनी जेवू घालतात. घरातल्या ज्या बायका नवऱ्याआधी गेल्या, त्यांच्यासाठी पाटावर नवं लुगडं ठेवायचं, एकेकीला नाव घेऊन बोलवायचं, आणि मग जिवंत सुवासिनींना आणि एका कुमारिकेला पानावर बसवायचं. अर्चनाच्या लग्नाआधी कुमारिका म्हणून घरचीच संयुक्ता बसवली. एवढी जाणती माणसं, पण एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही! मी तिच्या शेजारी होते. अत्तै विधवा, म्हणून आत पायसम ढवळत होती. वेंकटच्या आई सईबाई हात जोडून नावं घेऊ लागल्या. सासू झाली, चुलतसासू झाली, जाऊ झाली, आणि मग त्या अडखळल्या. सुनेला वगळलं तर ती कोपेल, लग्नात विघ्न येईल, ही धास्ती. मेलेलीचा कोप नको, जिवंत पोरीचं काय व्हायचं ते होवो! त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "सुष्मिता, ये गं."

संयुक्ता रडली नाही. उठून सरळ स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले.

"तुम्ही का खोटं सांगितलंत?" ती अत्तैला म्हणाली. "अप्पा आणि आज्जी खोटं बोलतात, ते मला कळत होतं. अम्मा मला लाडाने कन्ना म्हणते. फोनवर ते कधीच नसायचं. म्हणून मी तुमची गोष्ट ऐकायला आले. तुमच्या गोष्टीत मेलेलं परत येत नाही ना? मालक आला, म्हणजे तो मेला नव्हता. म्हणून मला वाटलं, अम्मापण येणार."

अत्तैने गॅस बंद केला आणि खाली फरशीवर बसली. मग तिने सगळं सांगितलं. ताप कसा चढला, रुग्णालयात काय झालं, शेवटची सकाळ कशी गेली. बाहेर पंगत ताटकळली होती, पण आत यायची कुणाची छाती झाली नाही.

"अम्माने मला बोलावलं होतं?"

"बोलावलं, कन्ना. शेवटपर्यंत तुझंच नाव घेत होती."

हे खरं होतं. मी तिथेच होते, या कानांनी ऐकलंय.

संयुक्ता अत्तैच्या तोंडाकडे बघत राहिली.

"हे तरी खरं का?"

"खरं गं," अत्तै म्हणाली. मीही म्हटलं, "खरं."

पोरीने मान हलवली, मोठ्यांचं मन राखायला हलवावी तशी, आणि ती बाहेर जाऊन आपल्या पानावर बसली. तिचा आमच्यावर विश्वास बसला नव्हता.