संत्र्याच्या तीन पेट्यांवरचा कीबोर्ड

आमच्या मोर्शीकडच्या घरात पदवी मिळवणारी मी पहिलीच. लिपिकाची लेखी परीक्षा पास झाले आणि अकोल्याची मराठी टायपिंगची चाचणी महिन्यावर आली, तेव्हा बाबांनी स्वतः माझ्यासाठी टेबल केलं. संत्र्याच्या तीन रिकाम्या पेट्या एकावर एक, वर फळी आणि फळीवर जुना कॉम्प्युटर. बसायला स्वयंपाकघरातलं बुटकं स्टूल.

"बाबा, लय उंच झालं."

"असू दे. आमी जनमभर वावरात वाकलो. तू ग्रॅज्युएट हायेस, तू काहून वाकशील?"

कीबोर्ड छातीशी घेऊन मी रोज पाच-सहा तास बडवत राहिले. मध्ये उठायचं नाही, हा नियम माझाच. दहाव्या दिवशी पोळी तोडताना मनगटातून कळ गेली. मी ओढणी गच्च बांधली आणि पुन्हा बसले. बाराव्या दिवशी बोटं बधिर. आता चाचणीत बोटं चालली नाहीत तर नोकरी गेली, एवढं एकच डोक्यात.

आई-बाबा मला अमरावतीला फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे घेऊन गेले. "बसतेस कशी, दाखव," मॅडम म्हणाल्या. मी दोन्ही हात उचलून दाखवले.

"अगं, टायपिंग करतेस की माळ्यावरचा डबा काढतेस?"

आई पदर तोंडाला लावून हसायला लागली, मग मीही. बाबा तेवढे गंभीर. मॅडमनी आधी ती ओढणी सोडायला लावली. चार दिवस हाताला पूर्ण आराम, नंतर कोपर काटकोनात, मनगट सरळ, दर वीस मिनिटांनी थांबायचं, आणि बधिरपणा वाढला तर लगेच यायचं, असं त्यांनी समजावलं.

"म्हंजे पात संपल्यावानी," आई म्हणाली. "कापसाची एक ओळ येचून झाली का आमी बाया उभ्या रायतो, हात झटकतो, पाणी पेतो. मंग दुसरी पात."

"मावशी, अगदी तेच!"

"मंग एवढ्यासाठी अमरावतीले काहून आलो?"

घरी आल्यावर बाबा पेट्यांसमोर बराच वेळ उभे होते. "अर्धी पेटी काढली तं नाही चालन का?" शेवटी पूर्ण एक काढली, आणि माझी पदवी कोणी परत घेऊन गेल्यासारखे ओट्यावर जाऊन बसले.

चार दिवसांचा आराम संपल्यावर आई अंगणातून आरोळी द्यायची, "पात संपली वो बाई!" मी उठून हात झटकायची. ओट्यावर बाबाही झटकायचे, काही दुखत नसताना. दोन-तीन दिवस हे ऐकून शेजारच्या काकू दारात. "काहो, घरातच कापूस येचून राह्यले का?" हसून हसून माझं पोट दुखायला लागलं. मनगट मात्र हळूहळू मोकळं होत होतं.

अकोल्याला बाबा सोबत आले. आत बसल्यावर मी आधी खुर्ची वर घेतली, खांदे सैल सोडले, मग पहिलं अक्षर दाबलं. शेवटच्या मिनिटाला करंगळी थोडी जड झाली, पण थांबली नाही. पडद्यावर वेग आला, आणि खाली 'पात्र'.

बाबा फाटकाशी होते.

"हात दुखते का?"

"नाही."

"अन् थे?"

"पास!"

त्यांनी अशी आरोळी ठोकली की तीन ऑटोवाले एकदम विचारायला लागले, "कुठी जाचं, काका?"


"कुठीबी चाल!" बाबा म्हणाले आणि पहिल्या ऑटोत चढूनही बसले.