काखेतला हिरवा दिवा

मोठ्या सिस्टरांच्या घरी पलंगाखाली एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात दागिने नाहीत, एकेचाळीस प्रमाणपत्रं आहेत. आरोग्य केंद्रात एकतीस वर्षं नोकरी केली की दुसरं काही साठो न साठो, प्रमाणपत्रं साठतातच. हात धुण्याचं प्रशिक्षण त्यांनी पाच वेळा घेतलं. त्यातलं तिसरं ज्या हॉलमध्ये झालं तिथल्या नळाला पाणी नव्हतं. साठ जणींनी हवेतच हात धुतले, हवेतच पुसले आणि साठही जणी पास झाल्या. वेळेच्या नियोजनाचं प्रशिक्षण अडीच तास उशिरा सुरू झालं. ताणतणाव कसा कमी करावा हे शिकताना मागच्या दोन रांगा मांडीवर रजिस्टर ठेवून महिन्याचा अहवाल भरत होत्या, कारण तो त्याच दिवशी चारच्या आत वर जायचा होता.

नोकरीच्या सुरुवातीला सिस्टरांच्या हातून एक चूक झाली होती. प्रत्येक प्रशिक्षणाआधी एक चाचणी असते आणि शेवटी तीच चाचणी पुन्हा. सिस्टरांनी आधीच्या चाचणीत सगळी उत्तरं बरोबर लिहिली. प्रशिक्षकांनी कपाळावर हात मारून घेतला. "अहो बाई, तुम्हाला आधीच सगळं येतंय म्हटल्यावर मी प्रगती कुठे दाखवू?" तेव्हापासून सिस्टर आधीच्या चाचणीत सहा उत्तरं मुद्दाम चुकवायच्या. उगाच कुणाच्या पोटावर पाय नको.

असं सगळं समजुतीनं चाललं होतं. बेचाळिसावं प्रशिक्षण आलं आणि निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना सिस्टरांची पंचाईत झाली.

हे प्रशिक्षण जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाचा श्वास कसा सुरू करायचा, याचं होतं. सिस्टरांना ऐकून बरं वाटलं होतं. लेबर रूम हा त्यांचा प्रांत. त्या खोलीतल्या दोन टेबलांमधून डोळे मिटून चालत जातील इतकी ती त्यांच्या अंगवळणी पडलेली. आसपासच्या चार वस्त्यांतली निम्मी पोरं त्यांच्या हातात पहिल्यांदा रडलेली. वॉर्डातल्या बाळंतिणी त्यांना बघून पदराआडून पोराला सांगत, "ही बघ, हिनं तुला पहिला फटका दिला." सिस्टर लगेच दुरुस्ती करत, "फटका नाही गं, पाठ चोळली. फटका मारायचा नसतो."

प्रशिक्षकांना सगळे पॉइंटरसर म्हणत. हातातला लाल ठिपक्याचा पॉइंटर ते जेवतानाही खाली ठेवत नसत, एकदा त्यांनी त्यानंच वाढपी बाईला कोणती भाजी हवी ते दाखवलं होतं. माणूस वाईट नव्हता. पूर्वी चांगला डॉक्टर होता म्हणत, पण बारा वर्षं पडद्यासमोर उभं राहून त्यांना पेशंट दिसायचे ते फक्त पडद्यावर. त्यांच्याबरोबर ट्रंकेतून एक रबरी बाळ यायचं. त्याच्या तोंडावर मास्क धरून पिशवी दाबायची. हवा नीट गेली की बाळाची छाती वर यायची आणि कपाळावर हिरवा दिवा लागायचा. दिवा लागला की पास.

म्हणजे बाळ नवं होतं तेव्हा असं व्हायचं. पुढे कधीतरी त्याच्या आतली फुप्फुसाची पिशवी फाटली. बाळ डेडस्टॉक रजिस्टरला चढलेलं, म्हणजे सरकारी मालमत्ता. ते उघडायचं तर परवानगी हवी, परवानगीला बिघाडाचा अहवाल हवा आणि अहवाल द्यावा तर इतके दिवस पास केलेल्यांचं काय, हा प्रश्न. पण देवानं वाट ठेवलीच होती. बाळाच्या डाव्या काखेत एक वायर ढिली झाली होती. दोनदा पिशवी दाबायची आणि अंगठा काखेत खुपसायचा. दिवा लख्ख लागे. हे कोणी कोणाला शिकवलं नाही, पण दोनशे बारा जणी त्याच वाटेनं पास झाल्या. पॉइंटरसरांना माहीत नव्हतं म्हणावं तर प्रात्यक्षिक दाखवताना त्यांचाही अंगठा तिकडेच जात असे.

सिस्टरांची पाळी आली. त्यांनी बाळाच्या खांद्याखाली टॉवेलची घडी सरकवली, मान सरळ केली, मास्क बसवला आणि पिशवी दाबली. छाती हलली नाही. त्यांनी मास्क पुन्हा बसवला. मान तपासली. पुन्हा दाबली.

"सिस्टर, काख," मागून धाकटी कुजबुजली. धाकटी म्हणजे त्यांच्याच केंद्रातली नवी नर्स, नोकरीला जेमतेम आठ महिने झालेली.

"काय?"

"काखेत अंगठा दाबा ना."

"काखेतून श्वास घेतं का गं लेकरू?" सिस्टर मोठ्यांदा म्हणाल्या. हॉल हसला, पॉइंटरसर हसले नाहीत. दोनशे तेरा जणींत एकटी नापास झाली ती मोठी सिस्टर.

पुढच्याच महिन्यात पत्र आलं. ज्यांच्याकडे हिरव्या दिव्याचं प्रमाणपत्र नाही त्यांनी नवजात बाळाला हात लावू नये. केंद्रातले डॉक्टर तरुण आणि भले होते, पण कागदाला फार भ्यायचे. त्यांनी पत्र दोनदा वाचून दाखवलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "सिस्टर, फेरपरीक्षा होईपर्यंत तुम्ही केसपेपरच्या खिडकीत बसा. मला समजून घ्या."

सिस्टर खिडकीत बसल्या. नाव, वय, पत्ता, पुढे चला. घरी आल्यावर नवऱ्याशी धड बोलेनात. त्यांच्या नवऱ्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. चाळीस वर्षं पंक्चर काढणाऱ्या त्या माणसानं पहिले चार दिवस बायकोचा राग चहाबरोबर गिळला. पाचव्या दिवशी म्हणाला, "अगं, बसून पगार मिळतोय. लोक यासाठी नवस बोलतात."

"अहो, आत बाई ओरडते ना, तेव्हा माझे हात आपोआप उठतात. आणि मग मी त्यांत रबरी शिक्का धरते." एवढं बोलून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. एकतीस वर्षांत नवऱ्यानं ते दोनदाच पाहिलं होतं.

त्यानंतरच्या मंगळवारी, भर दुपारी, लेबर रूममध्ये एक पहिलटकरीण होती. डॉक्टर मीटिंगला. आत धाकटी आणि एक आया. खिडकीत बसलेल्या सिस्टरांनी बाईची शेवटची कळ ऐकली, आयाचं "झालं, झालं" ऐकलं. आणि मग काहीच ऐकू आलं नाही.

सिस्टर मनात मोजायला लागल्या. ही त्यांची जुनी सवय. दहा. पंधरा. समोरचा म्हातारा आपलं वय सांगत होता. पंचवीसला त्या उठल्या, शिक्का म्हाताऱ्याच्या हातात दिला आणि धावल्या.

आत वॉर्मरच्या उबेखाली निळसर पडलेलं पोर आणि त्याच्यावर वाकलेली धाकटी. तिनं दोनदा पिशवी दाबली आणि डाव्या हाताचा अंगठा त्या पोराच्या काखेत खुपसला. पुन्हा दोनदा पिशवी, पुन्हा काख. तिच्या चेहऱ्यावरून घाम ओघळत होता आणि ती पोराच्या कपाळाकडे बघत होती.

सिस्टरांनी धाकटीला खांद्यानं बाजूला सारलं. खांद्याखाली घडी, मान सरळ, मास्क नाकातोंडावर घट्ट. पिशवी दाबली. छाती वर आली. दाबली, सोडली, दाबली, सोडली. विसाव्या वेळेला पोरानं पाय आखडले, तोंड वाकडं केलं आणि असं काही भोकाड पसरलं की केसपेपरच्या खिडकीतल्या म्हाताऱ्यानं दचकून शिक्का आपल्याच हातावर मारून घेतला.

धाकटी भिंतीला टेकून रडत होती. "सिस्टर, मी कुठे बघत होते हो? मी दिव्याची वाट बघत होते."

सिस्टर तिला बोलणार होत्या, चांगलं खडसावणार होत्या, पण थांबल्या. पोरीची काय चूक? तिला जे शिकवलं ते तिनं केलं होतं, अगदी मन लावून. आणि अशा दोनशे बारा जणी गावोगावी काखा दाबायला तयार बसल्या होत्या. हा हिशोब डोक्यात आला तेव्हा सिस्टरांना स्वतःच्या खिडकीचं दुःख एकदम लहान वाटलं.

रजिस्टरमध्ये उपचार करणाऱ्या प्रमाणित कर्मचाऱ्याचं नाव लिहायचं होतं. धाकटीचं लिहावं लागलं. महिन्याच्या अहवालात वरून शेरा आला, 'प्रशिक्षणाचा प्रत्यक्ष लाभ. अभिनंदन.'

फेरपरीक्षेला शहरातला हॉल मिळाला नाही, म्हणून ती याच केंद्रात ठरली. चौदा नव्या नर्सही त्याच दिवशी येणार होत्या. रबरी बाळ दोन दिवस आधीच ट्रंकेतून आलं आणि डॉक्टरांनी ते कोणाच्या ताब्यात द्यावं? कुलपाचं कपाट एकच, केसपेपरच्या खिडकीतलं, म्हणून सिस्टरांच्या. त्यांनी रीतसर सही करून घेतलं आणि संध्याकाळी कापडी पिशवीतून घरी नेलं.

नवऱ्यानं दुकानाच्या फळीवर बाळाला पालथं घातलं. "काय होतंय याला?"

"श्वास टिकत नाही."

"मग ट्यूबच की." त्यानं पाठीचे स्क्रू काढले, आतली पिशवी काढली, हवा भरून घमेल्यातल्या पाण्यात बुडवली. बुडबुडे एका कोपऱ्यातून भराभर वर आले. त्यानं ती जागा घासली, सोल्यूशन लावलं, फुंकर घातली आणि पॅच दाबून बसवला. काखेतली वायर सिस्टरांनी स्वतः चिकटपट्टीनं जागेवर बांधली. मग दाबून पाहिलं. छाती वर आली, हिरवा दिवा लागला. काख दाबली, काही नाही.

"हे शिकायला मला एकही प्रमाणपत्र लागलं नाही हं," नवरा म्हणाला.

"म्हणून तर येतंय तुम्हाला," सिस्टर म्हणाल्या. बऱ्याच दिवसांनी त्या हसल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी धाकटीला स्टोअर रूममध्ये नेलं आणि तिच्याकडून शंभर वेळा करून घेतलं. अंगठा काखेकडे गेला की हातावर चापटी.

परीक्षेच्या दिवशी पॉइंटरसरांनी आधी प्रात्यक्षिक दाखवलं. दोनदा पिशवी, अंगठा काखेत. दिवा लागला नाही. ते जरा हसले, पुन्हा दाबलं. मग जोरात दाबलं. "बॅटरी गेली वाटतं." नवी बॅटरी घातली. आता त्यांनी दोन्ही काखा दाबल्या. लाल पॉइंटर हातातून पडून टेबलाखाली गेला. चौदा जणी आल्या, चौदाही जणी काखेशी झटापट करून गेल्या. हौसेनं डॉक्टरही करून बघायला आले आणि घाम पुसत मागे सरले.

मग सिस्टर उठल्या. घडी, मान, मास्क. छाती वर आली आणि दिवा लागला. त्यांच्यामागून धाकटीनंही जमवलं. खोलीत कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण टाळ्या वाजवाव्यात की नाही ते पॉइंटरसरांच्या तोंडाकडे बघून ठरायचं आणि तिथे काहीच कळत नव्हतं.

आठवड्यात सिस्टरांना कारणे दाखवा नोटीस आली. ज्या बाळावर दोनशे बारा कर्मचारी पास झाले त्यावर आता दोनच होतात, त्याअर्थी त्यात छेडछाड झाली आहे. सिस्टरांनी उत्तर लिहिलं, 'पेशंटला श्वास घेता येत नव्हता, म्हणून उपचार केले.' या उत्तरावर पाच सह्या झाल्या. निर्णय असा की, बाळ निर्लेखित करावं, म्हणजे भंगारात काढावं. त्या दिवशीचे निकाल रद्द, म्हणजे सिस्टर पुन्हा नापास. आधीच्या दोनशे बारा जणींची प्रमाणपत्रं मात्र वैध, कारण ती बाळ सुस्थितीत असताना मिळाली होती. आणि नवं बाळ खरेदी होईपर्यंत परीक्षा घेता येत नसल्यामुळे प्रमाणपत्राची अट स्थगित.

डॉक्टरांनी पत्र तीनदा वाचलं. "सिस्टर, याचा अर्थ... तुम्ही लेबर रूममध्ये जाऊ शकता."

"नवं बाळ कधी येईल?"

"मागच्या वेळेला मागणी केल्यावर नऊ वर्षं लागली होती."

"मग माझं भागतंय," म्हणून सिस्टरांनी शिक्का खिडकीत ठेवला आणि आत गेल्या.

भंगारातलं बाळ कोणी न्यायला आलंच नाही. ते स्टोअर रूमच्या टेबलावर आहे. बॅटरी काढून घेतलेली, दिवा कायमचा गेलेला. धाकटीनं आपल्या बॅचच्या मैत्रिणींना फोन केले. सुट्टीच्या दिवशी दोघी-तिघी लांबून येतात, सिस्टर त्यांच्याकडून करून घेतात. सही नाही, चहा नाही, प्रमाणपत्र नाही.

मागच्या गुरुवारी दुपारी दाराशी कोणीतरी घुटमळत होतं. पॉइंटरसर. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले होते, हात रिकामे.

"सिस्टर, मलाही जरा..." त्यांनी बोटानं टेबलावरचं बाळ दाखवलं.

सिस्टरांनी टॉवेलची घडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती नीट सरकवली, मान सरळ केली, मास्क धरला, दोनदा पिशवी दाबली आणि अंगठा निघाला काखेकडे. सिस्टरांनी फाडकन त्यांच्या हातावर चापटी मारली.

"कपाळाकडे काय बघताय, सर? छातीकडे बघा."