पायरीवर ठेवलेलं भाडं

"तिथं पायरीवर ठेव. हातात नको देऊ."

घरमालक काकाजी एवढंच बोलले. भाड्याच्या नोटा घेऊन मी त्यांच्या दारात उभी होती. मागच्या महिन्यापर्यंत ते हातातूनच घेत. कधी चहाही पाजत. मधात मी खोलीत बाबासाहेबांचा फोटो लावला. बस, तेवढंच.

नोटा पायरीवर ठेवल्या. उडू नये म्हणून वर खडा ठेवला. माझ्याच हातानं.

साकोलीत त्यांच्या खोलीत मी राहायची, तिथंच ब्लाउज शिवायची. त्यांच्या सुनेचेही. ते घालून ती पूजेला बसायची. माझी शिवण चालायची, माझा हात चालत नव्हता. रसीद मागितली तर काकाजी म्हणाले, "घरच्या घरी कायची रसीद?" नाकाडोंगरीहून माय आली की समजवायची, "चूप राय बाई. दुसरी खोली कोन देईल?"

चूप राहून वर्षभर पायरीवरच भाडं ठेवत राहिली.

मग कोर्टाचा समन्स आला. वर्षभराचं भाडं थकवलं, खोली खाली करा. खोली रस्त्याले लागून होती. मोबाइलच्या दुकानाले द्यायची होती, हे मागून समजलं.

त्यांच्या वकिलानं विचारलं, "भाडं दिलं म्हणता. कोणाच्या हातात?"

"पायरीवर ठेवत होती."

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं.

"पायरीवर? हातात का नाही?"

उत्तर जिभेवर होतं. पण चारचौघांत कसं सांगू, की या माणसाले माझ्या हाताचा विटाळ होते? मले लाज वाटली. मले! त्याले नाही. मान खाली गेली. जजमॅडमनं टाइप करणाऱ्याले सांगितलं, "उत्तर नाही." कागदावर तेवढंच आलं.

निकाल विरोधात गेला. व्हरांड्यात काकाजी जवळ आले. "भाडं दिलं नाही म्हनून लिहून दे. मागची रक्कम सोडतो. गरिबाले कायले त्रास देऊ?"

माझे वकीलसाहेब म्हणाले, "ताई, करा सही. अपिलाच्या भानगडीत नका पडू, मोकळ्या व्हा."

पेन घेतला. कागदावर टेकवला. हात पुढं सरकेना. मी न केलेली चोरी मीच लिहून देऊन राहिली होती, अन् दया त्यांची!

"काकाजी, तुमी माह्या हातातून पैसे काहून घेत नव्हते? सांगा इथं."

"कोर्टात जात कायले काढून राहिली?"

"जात मी नाही काढली."

व्हरांड्यातल्या सगळ्यांनी ऐकलं. पण ते कोणी टाइप करत नव्हतं.

खोली गेली. मशीन नाकाडोंगरीले मायकडे नेली, गिऱ्हाइकं साकोलीत राहिली. आता भंडाऱ्याच्या कोर्टात अपील करून राहिली आहे.

"हे आधी बोलायचं होतं, ताई," वकीलसाहेब म्हणाले. "आता उपयोग होईल असं वाटत नाही."

"तरी लिहा. तो हातातून काहून घेत नव्हता, ते पयले लिहा."

"हरलो तर?"

"हरू. लिहा."