जड केलेलं स्टिअरिंग

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच, गॅरेजातल्या लोकांनाही नाही. एकदा देवळात जाऊन देवाला सांगावं असं मनात आलं होतं, पण तिथला गुरव माझं गिऱ्हाईक आहे, आणि मला हळू बोलता येत नाही. तुमची-माझी ओळख नाही तेच बरं आहे.

आधी गाडीबद्दल सांगतो. मला गाडीबद्दल बोलणं सोपं जातं, तिथूनच हळूहळू पुढे येईन.

मी थळचा. वडिलांपर्यंत आमची मिठागरं होती, माझ्या हातात पाना आला. अलिबागच्या रस्त्याला माझं गॅरेज आहे. माणगावच्या एका माणसाकडून मी एक जुनी छोटी गाडी घेतली आणि दोन वर्षं तिच्यावर जीव लावला. टर्बो बसवला, मागची सीट काढून वजन कमी केलं, सायलेन्सर बदलला. गाडी गल्लीत शिरली की कोंबड्या आधी पळायच्या. रविवारी सकाळी आम्ही पाच-सहा जण अशाच गाड्या घेऊन जमायचो, बॉनेट उघडायचो आणि एकमेकांना शहाणपण शिकवायचो.

घरात ती एकच गाडी. मी गॅरेजला मोटारसायकलवर जायचो, म्हणून दिवसा ती दारात उभी असायची. आणि ती चालवायची वर्षा, माझी बायको.

मीच शिकवली तिला. पस्तिशीत शिकली, पण काय शिकली. क्लच इतका हलका सोडायची की मला माझ्याच पायांची लाज वाटायची. गावात लोक म्हणायचे, बघा, बायकोला असली गाडी देतो, मोठ्या मनाचा माणूस. मी नको-नको म्हणायचो आणि आतून फुगायचो. हे लक्षात ठेवा, कारण मी जे केलं ते ह्या मोठ्या मनाला धक्का लागू नये म्हणून आडवाटेने केलं.

तर – संशय. कधी आला? मेकॅनिक माणूस गाडीत बसला की बघतोच. मीटर बघतो, काटा बघतो, टायर बघतो. अलिबागला बाजाराला जाऊन आलं तर चौदा-पंधरा किलोमीटर होतात. ती म्हणायची, बाजारात गेले होते. मीटर म्हणायचं, पन्नास. एकदा झालं, सोडून दिलं. दुसऱ्यांदा झालं. मग मी रोज आकडा पाठ करून जायला लागलो, शाळेत पाढे पाठ केले नव्हते तसा. पायाखालच्या रबरावर वाळू दिसायची. आमच्याकडे वाळू कुठे नाही? देवघरातसुद्धा असते. पण मला ती वाळू निराळी दिसायची. एकदा गाडीत सुक्या मासळीचा वास आला. थळमध्ये सुक्या मासळीचा वास! त्याचाही मी पुरावा केला.

विचारलं का नाही? हेच तुम्ही विचारणार. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. पण मग मी बायकोचं मीटर तपासणारा नवरा ठरलो असतो. चावी काढून घेतली असती तर आणखीच वाईट. आणि एक साधी गोष्ट मला कशी सुचली नाही – जी गाडी अर्ध्या तालुक्याला ऐकू जाते, ती घेऊन कुणी चोरून भेटायला जातं का? डोकं ठिकाणावर असतं तर सुचलं असतं. साप साप म्हणून भुई धोपटत होतो, तीही मनातल्या मनात.

आता पुढचं. हे सांगताना –

वर्षाच्या उजव्या मनगटात पट्टी आहे. स्टीलची. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी धक्क्यावर शेवाळावरून घसरली होती, तेव्हा बसवलेली. हात चालतो, भाकऱ्या थापते, हंडा उचलते, पण पिळायचा जोर कमी. गाडी चालवायला कधी अडचण आली नव्हती, कारण पॉवर स्टिअरिंग होतं. एका बोटाने फिरायचं.

मी ते काढलं.

आमच्या धंद्यात हे करतात. स्टिअरिंग हलकं करायला इंजिनावर पट्ट्याने फिरणारा पंप असतो, तो थोडी ताकद खातो. तो काढला की गाडी मोकळी पळते आणि रस्ता हाताला कळतो. रविवारच्या मंडळींना मी हेच सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. एक जण म्हणाला, आता खरी गाडी झाली. पण पंप काढायच्या दोन रीती आहेत. नीट करायचं तर चाकं वळवणारा खालचा रॅक उतरवायचा, उघडायचा, आतलं ऑईल अडवणारं सील काढायचं. मग स्टिअरिंग जड होतं, पण बेताचं. दुसरी रीत आळशाची – पंप काढायचा आणि पाईप एकमेकांना जोडून टाकायचे. आत अडकलेलं ऑईल मग प्रत्येक वळणावर हाताशी भांडतं.

मी आळशी नाही. माझ्या गॅरेजात कुणी तसं केलं तर मी पाना फेकून मारीन. आणि मी स्वतः, माझ्या गाडीला, ते केलं. शिवाय पुढच्या चाकांना रुंद टायर घातले. वर शर्यतीतलं छोटं स्टिअरिंग बसवलं, ताटलीएवढं, म्हणजे हाताला जोर लावायला जागाच राहू नये. दुपारभर काम केलं. प्रत्येक बोल्ट आवळताना माझ्या डोळ्यांसमोर तिचं मनगट होतं. गाडी नव्हती. हे मला चांगलं आठवतं, म्हणून चूक झाली असं मी म्हणू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी तिने गाडी दारातून बाहेर काढायला घेतली. आमच्या गल्लीत पुढे-मागे करत तीनदा वळवावी लागते. मी गॅरेजला निघालोच नव्हतो, मोटारसायकलची चेन पुसत बसलो होतो – पुसायची काही गरज नसताना. पहिलं वळण झालं. दुसऱ्याला तिने दोन्ही हात लावले, खांदा लावला. तोंड लाल झालं होतं. मग गाडी तिथेच आडवी सोडून खाली उतरली.

"अहो, जड झालंय ना हे?"

"जड न्हाय गं, घट्ट केलंय. सवय होईल," मी म्हणालो.

तिने विश्वास ठेवला. गाडीतलं मला कळतं, हे तिला माहीत होतं ना.

सवय करायला तिने काय नाही केलं. ओला टॉवेल घेऊन अंगणात पिळत बसायची, दहा-दहा वेळा. मनगटाला तेल चोळायची. एकदा बाजारापर्यंत गेली, परतताना गाडी वळवता येईना म्हणून एका रिक्षावाल्याला हाक मारावी लागली. त्याने हसत फिरवून दिली. ते हसणं तिने घरी आल्यावर मला दोनदा सांगितलं. मग म्हणाली, पट्टी सरकली असणार. अलिबागला डॉक्टरकडे गेलो. एक्स-रे पाकिटात घालून मी रांगेत तिच्या शेजारी बसलो होतो. डॉक्टर म्हणाले, हाड उत्तम आहे, काही झालेलं नाही. बाहेर येऊन ती म्हणाली, "त्यांना काय कळतंय. माझा हात मला म्हाईत." मी पाकीट नीट धरून चालत होतो.

पावसाळ्याआधी तिने चावी खिळ्याला अडकवली ती अडकवलीच.

मीटर आता बरोबर येत होतं. माझेच किलोमीटर होते.

त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी रेवदंड्याला कुणाचा टेम्पो बंद पडला होता, म्हणून मी गाडी घेऊन गेलो. खाडीजवळ, जिथे मासळी वाळत घालतात, तिथे. काम चालू असताना एक म्हातारी कोळीण येऊन गाडीकडे बघत उभी राहिली.

"ह्या गाडीतली बाय कुठं गेली रं?"

माझा हात टेम्पोच्या इंजिनात होता, तो तिथेच राहिला. कोण बाय, मी विचारलं.

"चालवायची ती. हितं थांबायची, टपरीवर चाय प्यायची, पुलावरनं पल्याड जायची नि फिरून यायची. कोनाला भेटायची न्हाय. मी इचारलं येकदा, बाय, जातेस कुठं? तर हसली. म्हनली, कुठं न्हाय, नुसती चालवते."

नुसती चालवते.

तुम्ही म्हणाल, मग घरी जाऊन पाय धरले असतील. पंप तर गॅरेजातच होता, वरच्या फळीवर, गोणपाटात. अर्ध्या दिवसाचं काम. मी ते केलं नाही. मनाशी म्हणालो, मंडळी विचारतील, परत का लावला? पण मंडळी गेली खड्ड्यात, खरं कारण ते नव्हतंच. खरं सांगू? ती घरी असते, हे मला बरं वाटायला लागलं होतं. संशय खोटा निघाला, तरी त्या संशयाने जे मिळवून दिलं ते मला सोडवत नव्हतं. हे सांगताना मान वर होत नाही.

पुढे ती गाडी विकली. साधी, हलक्या स्टिअरिंगची गाडी आणली. मी चावी पुढे केली, तर वर्षा म्हणाली, "न्हाय वो. माझा हात गेला आता." एका बोटाने फिरतं, बघ तरी, म्हटलं. तिने बघितलं नाही. अलीकडे मला कधीकधी शंका येते, हिला सगळं माहीत तर नसेल? जेवताना वाढायला वाकली की मी तिचा चेहरा निरखतो. काही दिसत नाही. संशय घ्यायची खोड काही जात नाही माझी.

आमची मुलगी यंदा अठराची झाली. मागच्या रविवारी जेवताना म्हणाली, बाबा, मला गाडी शिकवा. मी बोलायच्या आत वर्षाने भाकरी मोडता मोडता उत्तर दिलं. अजिबात रागाने नाही, समजुतीने.

"नको गं त्या नादाला लागू. आपल्या बायकांच्या हातात तेवढा जोर नसतो. मी बघितलंय करून."

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. बाबांना गाडीतलं कळतं, हे तिलाही माहीत आहे.

मी म्हणालो, "आई म्हणते ते बरोबर आहे."