पिल्लांना घाण पाजली त्याची गोष्ट

टहरौलीच्या एका विधवा दीदींचं झाशीबाहेर ब्रॉयलर कोंबड्यांचं शेड होतं आणि मी नुकतीच पशुवैद्य झाले होते. त्यांच्या पिल्लांच्या लागोपाठ दोन खेपा साल्मोनेला या आतड्याच्या जंतूने गेल्या. पाचव्या दिवशी पांढरी हगवण, सातव्या दिवशी ढीग. तिसरीही गेली तर शेड बंद करून भावाकडे जायचं, असं दीदींनी ठरवलं होतं. तिसऱ्या खेपेची पिल्लं आल्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी भाऊ न्यायला येणार होता. तिथे त्यांच्या वाट्याला चूल आणि वहिनीचे टोमणे येणार, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या खेपेचं खापर माझ्याच डोक्यावर. आमचं घर पिढीजात पुरोहितांचं, सोवळ्याओवळ्याचं. तोच खाक्या मी शेडमध्ये चालवला. जमीन खरवडली, चुना मारला, फिनाइल ओतलं, दीदींना दारातच चपला बदलायला लावल्या. आता रोगाची काय बिशाद, असं मला वाटलं. पिल्लं पहिल्या खेपेपेक्षा जास्त मेली. मला रडूच कोसळलं.

मग पुस्तकं उपसताना एका दुपारी डोक्यात लख्ख उजेड पडला. कोंबडीखाली निघालेलं पिल्लू तिच्या विष्ठेत चोच मारतं. त्यातले चांगले जंतू आतड्यात वस्ती करतात आणि त्यांच्या संगतीत पिल्लाची प्रतिकारशक्ती जागी होते. आमची पिल्लं यंत्रात निघालेली, त्यांना आई ठाऊक नाही. हॅचरीतून दोन-चार पिल्लं रोग घेऊनच येत असणार, आणि मी घासूनपुसून बाकीच्यांची आतडी त्याच्यासाठी रिकामी ठेवली होती! मी उठून खोलीभर नाचले.

शेजारणीची एक धडधाकट गावठी कोंबडी धरली. तिच्या रक्ताचा थेंब पांढऱ्या फरशीवर जांभळ्या चाचणीद्रवात मिसळला. साल्मोनेलाशी झुंजलेल्या पक्ष्याच्या रक्ताच्या त्यात गुठळ्या होतात. दोन मिनिटं मी श्वास रोखून बघत होते. एकही गुठळी नाही. आठवड्याने पुन्हा तपासलं, पुन्हा साफ. मग तिची विष्ठा पाण्यात कालवली, फडक्यातून गाळली आणि नव्या पिल्लांना पहिलं पाणी तेच पाजलं. हे ऐकून आईने मला चार दिवस देवघराकडे फिरकू दिलं नाही. दीदींनी एवढंच विचारलं, की कॉलेजात हेच शिकवतात का.

पाचव्या दिवशी सकाळी सायकल दामटत गेले. दोन पिल्लं मेलेली. सहाव्या दिवशी एक. सातव्या दिवशी एकही नाही, आठव्यालाही नाही! सगळी एकमेकांच्या अंगावर चढून दाण्यावर तुटून पडलेली. इतका आनंद मला पदवी मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

दीदी मला घेऊन नाक्यावरच्या पीसीओत गेल्या आणि भावाला फोन लावला.

"भैया, इतवार खों नईं आइयो. इतै हमाओ काम है."

भाऊ पलीकडून बोलतच होता. दीदींनी फोन ठेवून दिला.