भिंतीवरच्या माश्या

माश्या मी बिनचूक ओळखल्या होत्या. चूक झाली ती माणसाच्या बाबतीत, आणि ती त्याच्या जिवावर बेतली.

सौदीतल्या कतीफला खजुराच्या बागांच्या कडेला एक जुनं घर होतं. मालकानं मधे प्लायवूडची भिंत घालून त्याचे दोन भाग केले होते. सगळा मुलूख तेव्हा नव्यानं बांधला जात होता आणि तो बांधणारे आम्ही असल्या घरांत राहत होतो. आमचं दार रस्त्याकडे, पलीकडच्याचं मागे बागेकडे. पलीकडे गुहागरकडचा एक वेल्डर एकटाच राहायचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा. मी इस्पितळात लॅब टेक्निशियन. त्याचं ब्लडप्रेशर मीच बघायचो आणि गोळ्या चुकवल्या की झापायचो. माझ्या बायकोला तो वहिनी म्हणायचा आणि दर शुक्रवारी बाजारातून तिच्यासाठी मासळी आणायचा.

थंडी पडली आणि घरात माश्या यायला लागल्या. छताच्या फटीतून यायच्या आणि दुपारी खिडकीच्या काचेवर पन्नास-साठ एका जागी गोळा व्हायच्या. जेवणावर बसत नव्हत्या, हाकललं तरी धड उडत नव्हत्या. बायको घाबरली. इतक्या माश्या म्हणजे घरात कुठंतरी काहीतरी मेलेलं आहे, असं तिचं म्हणणं. मला या असल्या बोलण्याचा राग यायचा. मी दोन माश्या बाटलीत घालून लॅबमध्ये नेल्या आणि भिंगाखाली धरल्या. घरमाशीपेक्षा थोड्या मोठ्या, छातीवर पिवळसर लव, पंख कात्रीच्या पात्यांसारखे एकावर एक मिटलेले. इस्पितळातल्या जाड पुस्तकात त्या सापडल्याच. यांच्या अळ्या ओल्या मातीतल्या गांडुळांवर वाढतात, म्हणजे आमच्या बागेचीच पैदास. घाणीशी, मढ्याशी संबंध नाही. थंडीत घरात शिरतात ते फक्त ऊब शोधायला आणि झोपायला.

मग मी कामाला लागलो. माश्या भिंतीवर चिरडायच्या नाहीत, डाग पडतात. फटीत औषध मारायचं नाही, आतच मरून सडतात आणि त्यांच्यावर दुसरे किडे येतात. केरसुणीनं साबणाच्या पाण्यात पाडायच्या आणि फटी बुजवायच्या. छताच्या फटी मी लांबी भरून बुजवल्या. प्लायवूडच्या भिंतीत खाली बोटभर फट होती, तिच्यातून पलीकडचा खोकलासुद्धा ऐकू यायचा. तिच्यात कापूस कोंबून वर चिकटपट्टी मारली. तो मंगळवार होता.

बुधवारी पहाटे वेल्डर सुट्टीवर जायचा होता, दोन वर्षांनी. कोणी सुट्टीवर निघाला की आदल्या संध्याकाळी ओळखीच्या घरी फिरून पत्रं आणि पुडकी गोळा करायची, ही आमच्याकडची रीत. टपालाचा भरवसा नाही, माणसाचा होता. बायकोनं आईला पत्र लिहून ठेवलं होतं, सोबत बामाच्या बाटल्या आणि वडिलांसाठी स्वेटर. मंगळवारी संध्याकाळी तो आला नाही. आम्ही जेवण थांबवून वाट बघितली. तो आलाच नाही.

माझं डोकंच फिरलं. गरज सरो, वैद्य मरो, असं मी बायकोला म्हणालो. दोन वर्षं फुकट ब्लडप्रेशर तपासून घेतलं आणि जाताना तोंडही दाखवलं नाही. ती म्हणाली, "ते न भेटता जायचे नाहीत. एकदा मागं जाऊन बघून या." मी गेलो नाही. ज्याला आपली आठवण नाही त्याच्या बंद दाराशी जाऊन उभं राहणं मला कमीपणाचं वाटलं. खरं सांगायचं तर चार पावलांचं अंतर होतं.

गुरुवारी माश्या परत आल्या. या वेळी खिडकीवर नाही, प्लायवूडच्या भिंतीवर, खालच्या बाजूला, परातीएवढा काळा थर. संध्याकाळी दम्मामहून दोन कुटुंबं जेवायला आली होती. त्यांतल्या बायका दचकल्या. मी उलट खुलून गेलो. त्यांना भिंतीपाशी बसवून लव दाखवली, पंख दाखवले, गांडुळांची गोष्ट सांगितली. कोणीतरी विचारलं, पलीकडे काही कुजलं नाही ना? मी हसून सांगितलं, "पलीकडे कोणीच नाही. तो गावाला गेला." मधेच भिंतीला काहीतरी घासल्यासारखं झालं. बागेतले उंदीर, असंही मीच सांगितलं.

शुक्रवारी आभाळ भरलं होतं आणि वारा बोचरा होता. बायको केरसुणी घेऊन भिंतीशी बसली आणि तशीच थांबली. तिनं तळहात प्लायवूडला टेकवला होता.

"भिंत गरम आहे," ती म्हणाली.

उन्हानं असेल, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि खिडकीकडे बघितलं. ऊन नव्हतं. माश्या ऊब शोधतात हे मी दोन दिवस सगळ्यांना शिकवत होतो. गावाला गेलेल्या माणसाच्या खोलीत ऊब कुठून आली, हे मला एकदाही सुचलं नव्हतं.

मी मागे धावलो. दाराला बाहेरून कुलूप नव्हतं, आतून कडी होती. कंपनीनं पासपोर्ट सोमवारीच हातात दिला होता, विमानतळावर मी माझा जाईन असं त्यानं तिथं सांगितलं होतं, आणि आता तिथं शुक्रवारची सुट्टी होती. त्याला शोधणारं आमच्याखेरीज कोणी नव्हतं. म्हातारा घरमालक पहार घेऊन आला, दार उचकटलं, आणि स्वतः उंबऱ्यावरच थांबला. "खलास?" त्यानं विचारलं.

हीटर चालू होता. भरलेल्या बॅगेशेजारी, भिंतीला लागून तो जमिनीवर पडला होता. उजवं अंग गेलेलं, ओठ फुटलेले, डोळे उघडे. डावा हात आमच्या फटीपाशी होता आणि नखांत कापूस होता. मी नाडी धरली. लागत होती.

तो जगला. महिन्यानं त्याला स्ट्रेचरवरून गावी पाठवलं. बायकोचं पत्र मी त्याच्याबरोबर दिलं नाही, मला धीर झाला नाही.

वर्षभरानं गुहागरकडून परतलेल्या एका फिटरनं त्याचं पत्र हातोहात आणून दिलं. मुलीच्या अक्षरात होतं. बाबांची जीभ अजून जड आहे, तुमच्यामुळे ते वाचले, तुम्हाला आणि वहिनींना नमस्कार सांगतात. मी ते उभ्यानंच वाचत होतो. शेवटी तिनं लिहिलं होतं की थंडीत घरात माशी आली की बाबा तिला मारू देत नाहीत. जवळ बसवून अडखळत सांगतात, हिच्या छातीवर पिवळी लव बघ, पंख कात्रीसारखे बघ, ही गांडुळांवर वाढते, ही फक्त ऊब शोधते. काका, ही माहिती बाबांना कुठून मिळाली ते सांगत नाहीत, पण शब्द न् शब्द पाठ आहे.