कोरड्या दोरीचं ओझं

फोन आला तेव्हा मी नांदेडला एका बुटांच्या दुकानात बसलो होतो. पेन्शनच्या कागदासाठी सकाळच्या एसटीने आलो होतो. काम लवकर उरकलं, म्हणून अप्पांचे बूट घ्यायला शिरलो. मापासाठी अप्पांनी वर्तमानपत्रावर दोन्ही पावलं ठेवून भोवतीने पेन्सिल फिरवून दिली होती. दुकानदाराने तो कागद काउंटरवर पसरला होता आणि उजव्या पावलाच्या आकृतीवर जाड तळाचा एक तपकिरी बूट ठेवून तो म्हणत होता, "पुढं बोटभर जागा राहू द्या साहेब, उतरताना नख जातं." फोन शिवराजचा होता, अप्पांच्या मुलाचा. "काका, अप्पा गेले. दुकानातच. गिऱ्हाइकाला दोरी मोजून देत होते अन्..." मी नुसतं "हो" म्हणालो. हाच जोड बांधू का, असं दुकानदार विचारत होता. मी उठून बाहेर आलो. पावलांचा तो कागद तिथंच राहिला.

आम्हाला निघायला तेव्हा बारा दिवस उरले होते.

मन्मथअप्पांशी माझी ओळख फार जुनी नाही, चारच वर्षांची. नांदेडच्या एका कॉलेजात मी तीस वर्षं ग्रंथपाल होतो. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर उदगीरला आईच्या दोन खोल्यांत राहायला आलो, तेव्हा गावात ओळखीचं कुणी उरलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात कपडे वाळत घालायला दोरी हवी म्हणून अप्पांच्या दुकानात गेलो. अप्पा मूळचे देवणीचे, लिंगायत वाणी. कासरे, वेसणी, म्होरक्या, घुंगरमाळा, असं जनावरांचं सगळं सामान त्यांच्याकडे मिळे. मी वीस हात दोरी मागितली. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "घरात माणसं किती?" म्हटलं, एकटाच. "मंग वीस हात काय करता? दोन शर्ट, एक पायजमा. आठ हात लई झाली." त्यांनी आठच हात कापून दिली, आणि मी काय काम करत होतो ते कळल्यावर माझं नाव न विचारता मला ‘लायब्ररी’ म्हणायला लागले. शेवटपर्यंत मी त्यांचा लायब्ररीच होतो.

डोंगराचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते एका फौजीमुळे. शिरूर अनंतपाळकडचा तो मुलगा रजेवर आला होता आणि बैलांसाठी घुंगरमाळ घ्यायला दुकानात आला होता. त्याने मोबाइलवर फोटो दाखवले. उघडे डोंगर, मधे बर्फाची खिंड, खाली काहीच नाही. अप्पांनी त्याला विचारलं, "इथं हिंडायला आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना जाऊ देतात का?" तो म्हणाला, एका दिवसाची चढाई असते, सोबत वाटाड्या असतो, साठीच्या पुढचेही येतात. त्या दिवशी संध्याकाळी मी दुकानाच्या ओट्यावर जाऊन बसलो, तर अप्पा म्हणाले, "लायब्ररी, आपल्याला बारा हजार फुटांवर जायचं हाय."

त्यांच्या गळ्यातल्या इष्टलिंगाकडे बोट करून मी म्हटलं, "देव तर तुमच्या गळ्यात आहे अप्पा, तो भेटायला डोंगर कशाला?"

"देवासाठी कोण जाऊन राह्यलंय? मला एकदा असं उभं राहायचं हाय, की खाली बघितलं तर दुकान न्हाई, सडक न्हाई, वळखीचं माणूस न्हाई." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही सोडून."

ते हसले, मीही हसलो. घरी आल्यावर मात्र ते शेवटचे दोन शब्द कितीतरी वेळ कानात राहिले. इतक्या वर्षांत कुठल्याही गणतीतून मला असं कुणी वेगळं काढलं नव्हतं.

मग तयारी सुरू झाली. नेणाऱ्या कंपनीने इंग्रजीतून लांबलचक यादी पाठवली होती. ती मी वाचून मराठीत सांगायची आणि अप्पांनी त्यावर आपला निकाल द्यायचा. अंगावर कपड्यांचे तीन पातळ थर हवेत, असं यादीत होतं. लातूरहून गरम बनियन आणलं आणि अंगाला सवय व्हावी म्हणून अप्पा ते भर मार्चमध्ये दुकानात घालून बसले. तासाभरात घामाने निथळले आणि ते काढायला घरी गेले. रोज जिने चढा, असं लिहिलेलं. अप्पांच्या घराला गच्चीपर्यंत अठरा पायऱ्या. सकाळी पूजा आटोपून ते त्या तीस वेळा चढत-उतरत. गंगाबाई वैनी खालून ओरडत, "काय गच्चीला प्रदक्षिणा घालून राहिले का? तिथं कोणता देव बसवलाय?" पाठीवर पाच किलो वजन घेऊन चालायचा सराव करा, असंही यादीत होतं. मी माझ्या पिशवीत जुने ग्रंथ भरले. अप्पांना ते पटलं नाही. त्यांनी सुंभाची वेटोळी भरली. पण सुंभ हलका. तेव्हा त्यांनी ती वेटोळी रात्रभर हौदात भिजत टाकली. "वली दोरी दुप्पट भरती," म्हणाले. पहिल्या रविवारी हत्तीबेटाच्या पायऱ्या चढताना त्यांच्या पाठीवरून पाण्याच्या धारा लागल्या होत्या, आणि उतरून येणारी एक बाई थांबून विचारत होती, "अप्पा, पिशवीत मासोळ्या हायत का?"

आमच्या सपाट मुलखात ती एवढीच एक टेकडी. दर रविवारी सहाच्या सुमाराला अप्पांची मोटारसायकल माझ्या दारात उभी राही. ते हॉर्न वाजवत नसत. "लायब्ररीत आवाज करायचा नसतो" म्हणून नुसती दाराची कडी हलवत. मी पाच वाजल्यापासून तयार असे. शनिवारी संध्याकाळीच बाटली भरून ठेवलेली असे, मोजे खुर्चीवर ठेवलेले असत. आठवड्याचे बाकीचे सहा दिवस मी कुणाशी दहा वाक्यं बोललो असेन-नसेन. पण सोमवारपासून मी अप्पांना सांगायच्या गोष्टी साठवायला लागे... हे सगळं सविस्तर लिहितोय, कारण पुढे मी जे केलं ते त्याशिवाय कळणार नाही.

मार्चच्या शेवटच्या रविवारी, वरच्या टप्प्याच्या थोडं अलीकडे, अप्पा बोलता बोलता थांबले आणि पायरीवर बसले. चेहरा राखेसारखा झाला होता. उजव्या हाताने त्यांनी डाव्या खांद्यावरचा पिशवीचा पट्टा घट्ट धरला होता. मानेवर घाम डवरला होता, आणि अजून ऊन चढलंही नव्हतं. मी पाणी दिलं. पाचेक मिनिटांनी म्हणाले, "पिशवी जड झाली. दोरी वली हाय."

मी त्यांच्या खांद्यावरून पिशवी काढून घेतली. ती हलकी होती. त्या आठवड्यात हौदाला पाणी नव्हतं, म्हणून त्यांनी दोरी भिजवलीच नव्हती. सुंभ कोरडा होता, हाताला कुसं लागत होती.

"अप्पा, डॉक्टरला दाखवू."

"दाखवू की. जाऊन आल्यावर दाखवू." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमच्या वैनीला बोलू नका. ती रडून घर डोक्यावर घेईल अन् जाणं बंद पडंल."

पुढच्या रविवारी ते पूर्वीसारखे चढले, किंवा मला तसं वाटून घ्यायचं होतं. त्याच आठवड्यात कंपनीचा फॉर्म आला. इंग्रजीत होता, म्हणून दोघांचाही मीच भरत होतो. दुकानात बसून मी प्रश्न वाचत होतो आणि अप्पा एका म्होरकीला गाठ मारत होते. वय, उंची, रक्तगट... मग प्रश्न आला: गेल्या सहा महिन्यांत चालताना छातीत दुखणं, दम लागणं, घाम फुटणं असं काही झालं आहे का? ‘होय’ असल्यास हृदयाची तपासणी करून अहवाल जोडावा. मी प्रश्न मराठीत सांगितला.

"लिव्हा, न्हाई."

"अप्पा, त्या रविवारी..."

"त्या रविवारी दोरी वली होती."

त्यांनी मान वर केली. दोरी कोरडी होती हे त्यांना माहीत होतं, आणि मला माहीत आहे हेही त्यांना माहीत होतं. मी ‘नाही’ लिहिलं. आयुष्यभर पुस्तकांच्या नोंदी केल्या, त्यात कधी खोटं अक्षर लिहिलं नव्हतं. अप्पांनी सांगितलं म्हणून लिहिलं, असं पुढे मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगून बघितलं. पण ते खरं नाही. ‘होय’ लिहिलं तर तपासणी, तपासणीत काही निघालं तर घरी रडारड, आणि मग ना डोंगर, ना हत्तीबेट. दाराची कडी हलणार नाही. लेखणी टेकवण्याआधी माझ्या मनात हे सगळं येऊन गेलं होतं.

नांदेडहून मी पोचलो तेव्हा दुपार कलली होती. स्मशानभूमीच्या फाटकाशी फुलांनी सजवलेलं विमान, म्हणजे अंत्ययात्रेची पालखी, रिकामं ठेवलेलं दिसलं. लिंगायतांत माणसाला बसवून नेतात आणि बसलेलंच ठेवतात. मी गर्दीतून पुढे गेलो तेव्हा अप्पा समाधीच्या खड्ड्यात मांडी घालून बसले होते, कपाळावर विभूती, तळहातावर लिंग. स्वामी मंत्र म्हणत होते. कुणीतरी माझ्या हातात बेलाची पानं दिली. मी ती वाहिली आणि मागे सरलो. मागे उभी असलेली माणसं बोलत होती, "पुण्यवान माणूस. एका मिनिटात गेला. दुखणं न्हाई, खुपणं न्हाई."

दुखणं होतं, हे त्या सगळ्यांत मला एकट्याला माहीत होतं.

नंतर मी रोज त्यांच्या घरी जाऊन बसू लागलो. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला वैनी तेच सांगत, आणि सांगताना त्यांच्या आवाजात थोडा अभिमान असे. "कधी दम म्हणून लागला न्हाई त्यांना. दर रविवारी बेट चढायचे. काळजात काही असतं तर चढले असते का? विचारा की भावजींना." मग सगळे माझ्याकडे बघत. पहिल्यांदा मी मान हलवली. दुसऱ्यांदाही हलवली. तिसऱ्यांदा अप्पांची धाकटी बहीण देवणीहून आली होती, तिने थेट विचारलं, "खरंच आमचे दादा काही म्हणले न्हाईत का हो तुम्हाला?" मी "नाही" म्हणालो. फॉर्मवरच्या त्याच प्रश्नाचं तेच खोटं उत्तर मी पुन्हा दिलं होतं. या वेळी तर कुणी लिहायलाही सांगितलं नव्हतं.

गोड जेवण झालं, पाहुणे पांगले. त्यानंतरच्या एका दुपारी मी गेलो. शिवराज दुकानात होता. वैनी पुढच्या खोलीत ज्वारी निवडत होत्या. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं... पायरी, खांद्यावरचा पट्टा, कोरडी दोरी, फॉर्म, ‘नाही’. मधे त्यांनी एकदाही थांबवलं नाही. हात फक्त सुपात थांबला होता.

मग एक खडा उचलून बाजूला टाकत म्हणाल्या, "ते म्हणले म्हणून लिव्हलं तुम्ही?"

इथं "हो" म्हणता आलं असतं. त्यांना ते पटलंही असतं, अप्पांचा स्वभाव त्यांना माहीत होता. मी म्हणालो, "नाही वैनी. माझा रविवार जाऊ नये म्हणून लिहिलं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. एखाद्याला पहिल्यांदाच बघावं, तसं. "तुमचा रविवार गेला, भावजी," त्या म्हणाल्या. "माझे सगळेच वार गेले."

सूप उचलून त्या आत गेल्या. मी एकटाच बसून राहिलो. खोलीला निळा ऑइलपेंट आहे, आणि आतल्या दाराच्या चौकटीवर खांद्याच्या उंचीला एक पांढुरका पट्टा आहे. सकाळी पूजा झाली की बोटांना राहिलेली विभूती अप्पा जाता जाता तिथं पुसत असणार. इतक्या वर्षांच्या राखेने तिथला रंग झाकून गेला आहे. चार बोटांचे ओघळ वेगवेगळे दिसतात. इतके दिवस त्या घरी जात होतो, पण अप्पा समोर असताना चौकटीकडे कोण बघतं? आतून भांड्याचा आवाज आला, मग तोही थांबला. वैनी चहा घेऊन बाहेर आल्या. कप माझ्यासमोर ठेवला आणि त्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या, पट्ट्याला पदर लागणार नाही एवढं अंतर राखून. मी चहा प्यालो. त्यात साखर नेहमीसारखीच होती.

उठलो. उंबऱ्यापाशी चप्पल घालताना "येतो वैनी" म्हणालो. यावर आमच्याकडे "या" म्हणतात, परक्या माणसालाही म्हणतात. मी थोडा वेळ थांबलो. वैनी चौकटीकडे बघत होत्या.

त्याला तीन आठवडे झाले. त्यांना सांगितल्याशिवाय अप्पांवर काही लिहायचं नाही, असं मी ठरवलं होतं, म्हणून हे आत्ता लिहितो आहे. संध्याकाळी त्या गल्लीतून जातो तेव्हा त्यांचं दार उघडं असतं आणि रस्त्यावरून चौकटीवरचा पांढरा पट्टा दिसतो. मी चालण्याचा वेग थोडा कमी करतो. आतून कुणी "या" म्हणालं, तर ऐकू यावं एवढाच.